वापर मोजला, उपयोग कोणी मोजायचा?

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने मोठ्या समाधानाने एक आकडा जगापुढे ठेवला. बारा सरकारी संस्थांतील २०,००० कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘कोपायलट’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून तीन महिने वापरावयास दिली होती. पत्रांचे मसुदे करणे, बैठकींची टिपणे काढणे, लांबलचक अहवालांचा गोषवारा तयार करणे ही तिची कामे. प्रयोगाअंती जाहीर झाले की, प्रत्येक कर्मचाऱ्याची दिवसाकाठी सरासरी २६ मिनिटे वाचली; म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन आठवडे. ८२ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितले की, आता ही प्रणाली सोडून जुन्या पद्धतीकडे परतण्याची आपली इच्छा नाही. मंत्र्यांनी हा आकडा उचलला, वृत्तपत्रांनी तो छापला आणि विक्रेत्यांनी तो जपून ठेवला.

त्याच वर्षी पुढे काही आठवड्यांनी त्याच सरकारच्या व्यापार खात्याने स्वतःच्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रणाली तीच, काळही जवळपास तोच, परवाने १,०००. येथेही ७२ टक्के लोक समाधानी होते. परंतु ह्या खात्यातील अभ्यासकांनी नुसते विचारून न थांबता काही कामे प्रत्यक्ष करून घेतली, घड्याळ लावले आणि तयार झालेल्या कामाचा दर्जा तपासला. तेव्हा असे दिसले की, आकडेवारीच्या तक्त्यांचे विश्लेषण प्रणालीच्या साह्याने अधिक सावकाश झाले आणि अधिक वाईट झाले. सादरीकरणाच्या चित्रपट्ट्या लवकर झाल्या, पण दुरुस्त कराव्या लागल्या. वापराची नोंद पाहिली तर कामाच्या ६३ दिवसांत दर माणशी सरासरी ७२ वेळा प्रणाली वापरली गेली होती, म्हणजे दिवसाला एकदा किंवा त्याहून किंचित अधिक. वाचलेल्या वेळामुळे उत्पादकता वाढली, असे म्हणण्यास पुरावा सापडला नाही, असे खात्याने प्रांजळपणे लिहिले.

ह्यांतला कोणता आकडा आपल्या कानांवर आला? सरकार कोणतेही असो, खरेदीच्या बाजूचा आकडा घोड्यावर बसून येतो आणि खरेदीविरुद्धचा आकडा अनवाणी चालत येतो. पण माझा आक्षेप केवळ प्रसिद्धीतील ह्या पक्षपातापुरता नाही. सरकारे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जनतेच्या पैशाने विकत घेतात आणि मग ‘किती जणांनी वापरली’ हे मोजून यश जाहीर करतात, ही मोजण्याची रीतच मुळात सदोष आहे, आणि ह्या दोषाची किंमत शेवटी कारकुनाला आणि रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला चुकवावी लागते, असे माझे म्हणणे आहे. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे समजून आपण समाजवाद्यांनी तो सोडून दिला, तर उद्या आपल्या अंगणात त्याचे झाड झालेले दिसेल. खरे म्हणजे ते रुजलेच आहे.

विचारून मिळवलेली मिनिटे

२६ मिनिटे कशी मोजली? कर्मचाऱ्यांना विचारून. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य सरकारने अशाच एका प्रणालीचा, चॅटजीपीटीचा, प्रयोग १७५ कर्मचाऱ्यांवर केला. तेथे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले की, ज्या दिवशी प्रणाली वापरली त्या दिवशी सरासरी ९५ मिनिटे वाचली. तेथेही आधार कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सांगण्याचाच. ब्रिटिश कारकून २६ मिनिटे सांगतो, अमेरिकन कारकून ९५ सांगतो आणि घड्याळ कोणीच दाखवीत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत साठाहून अधिक संस्थांतील सुमारे ७,६०० कर्मचाऱ्यांवर हाच कोपायलट आजमावला. तेथेही समाधान होते, उत्साह होता. पण रोज ती वापरणारे एक-तृतीयांशच निघाले.

माणसे खोटे बोलतात असे मला सुचवायचे नाही. माणसांना आपला वेळ मोजता येत नाही, एवढेच. २०२५ साली अमेरिकेतील ‘मेटर’ ह्या संशोधन संस्थेने सोळा अनुभवी संगणक-आज्ञावलीकारांवर एक शिस्तबद्ध प्रयोग केला. काही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने करावयाची, काही तिच्याशिवाय. कोणते काम कसे करावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे तसे ठरवलेले. कामाआधी ह्या जाणकारांचा अंदाज होता की वेळ २४ टक्के कमी लागेल. काम झाल्यावर त्यांना वाटले की तो २० टक्के कमी लागला. घड्याळाने सांगितले की तो १९ टक्के अधिक लागला. स्वतःच्या धंद्यात मुरलेल्या माणसांची ही गत. मग ज्याला नवी प्रणाली साहेबांनी हाती दिली आहे आणि ‘वेळ वाचला का?’ हा प्रश्नही साहेबांकडूनच आला आहे, त्याच्या उत्तरावर किती विसंबावे?

मला ह्या प्रकाराची ओळख जुनी आहे. १९९० नंतरच्या दशकात मी ज्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो तेथे अनुदानातून दहा संगणक आले. अट अशी होती की, संगणकांचा वापर किती तास झाला याची नोंदवही ठेवावी; पुढचा हप्ता तिच्यावर अवलंबून. संगणकांच्या खोलीला बहुधा कुलूप असे, कारण यंत्र बिघडले तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. नोंदवही मात्र उघडी असे. महिनाअखेर शिपाई ती वही वर्गावर्गांतून फिरवी आणि मुले सह्या करीत. प्राध्यापकांच्या रकान्यात मीही केल्या आहेत. तपासणी समितीने आमचा संगणक-वापर ‘समाधानकारक’ असल्याचा शेरा दिला. त्या शेऱ्यात वरवर पाहता काहीच खोटे नव्हते. सह्या खऱ्या होत्या, मुले खरी होती, संगणकही खरे होते. खोटा होता तो सह्या आणि शिकणे यांच्यामधला संबंध.

१९७५ साली ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाची चर्चा करताना चार्ल्स गुडहार्ट ह्या अर्थशास्त्रज्ञाने जे निरीक्षण मांडले, त्याचा सोपा अर्थ हाच आहे. एखादे मोजमाप जोवर केवळ पाहण्यासाठी असते तोवर ते काहीतरी सांगते. त्यावर नियंत्रणाचा भार टाकला की ते कोलमडते. आकडा ध्येय झाला की माणसे ध्येय सोडून आकडा गाठतात. आपल्याकडे जनधन खात्यांची ‘शून्य शिल्लक’ कमी दिसावी म्हणून बँकांच्या कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया भरल्याचे २०१६ साली उघडकीस आले होते. तो रुपया गरिबाच्या बचतीचा नव्हता, तक्त्यातल्या रकान्याचा होता.

तापमापक विक्रेत्याचा

आता ‘वापर’ हा शब्द थोडा उलगडून पाहू. सरकार परवाने विकत घेते. त्यांतील काही कर्मचाऱ्यांना वाटले जातात, काही कपाटात राहतात. वाटलेल्यांपैकी काही उघडले जातात. उघडलेल्यांपैकी काही एकदोनदा चाळवून सोडले जातात, थोडे नेमाने वापरले जातात. नेमाने वापरणाऱ्यांपैकी काहींचे काम सुधारते, काहींचे तसेच राहते, काहींचे बिघडते. ही एकामागून एक लहान होत जाणारी चाळण आहे आणि सरकारी घोषणा बहुधा तिच्या पहिल्या किंवा दुसऱ्या जाळीवर उभ्या असतात. अमेरिकेच्या महालेखा कार्यालयाने जुलै २०२५ मध्ये दाखवून दिले की, पाहणीतील अकरा केंद्रीय संस्थांमध्ये मजकूर वा चित्रे निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उपयोगांची नोंद २०२३ मधील ३२ वरून २०२४ मध्ये २८२ वर गेली. एका वर्षात जवळपास नऊपट! आकडा बरोबर आहे. पण ही उपयोगांची यादी आहे, उपयोगांचे फळ नव्हे.

त्याहून महत्त्वाचे हे की, वापर मोजण्याचे साधनही विक्रेत्याचेच असते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मोजणी-फलकावर गेल्या २८ दिवसांत एकदा जरी जाणीवपूर्वक प्रणालीला काम सांगितले तरी तो माणूस ‘सक्रिय वापरकर्ता’ ठरतो. महिन्यातून एकदा देवळासमोरून जाताना हात जोडणाऱ्यास वारकरी म्हणावे, तसाच हा प्रकार. तोच फलक पुढे ‘साह्य झालेले तास’ काढतो आणि त्यांना ताशी ७२ डॉलरचा, ग्राहकाने न बदलल्यास तोच राहणारा, दर लावून प्रणालीचे ‘मूल्य’ दाखवतो. तापमापक वैद्याचा असता तर गोष्ट निराळी. येथे तापमापक औषध विकणाऱ्याचा आहे, आणि त्यावरचे आकडेही त्यानेच कोरलेले आहेत.

किमतीकडे पाहा. कोपायलटचा जाहीर दर माणशी दरमहा ३० डॉलर. २०,००० कर्मचाऱ्यांसाठी हा हिशेब वर्षाला ७२ लाख डॉलरवर जातो. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या मध्यवर्ती खरेदी यंत्रणेने जे करार जाहीर केले, त्यांत ओपनएआय कंपनीने आपली प्रणाली एका संस्थेला वर्षाला एका डॉलरला देऊ केली. अँथ्रोपिकनेही एकाच डॉलरला. गूगलने तर ४७ सेंटला. अब्जावधी डॉलर ओतून उभारलेली यंत्रणा कोणी चहाच्या कपाच्या भावात देतो तेव्हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही विचारावे की, येथे विकले काय जात आहे? विकली जात नाही, विकत घेतली जात आहे ती सवय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या मळेवाल्यांच्या मंडळाने हिंदुस्थानातील शहरांत आणि गावांत फुकट चहा पाजला, तो काही धर्मादाय म्हणून नव्हे. एकदा कार्यालयाचे दप्तर, टिपणांची पद्धत आणि कर्मचाऱ्यांची बोटे एका प्रणालीला जुळली, की दुसऱ्या वर्षीचा भाव कोण ठरवणार हे सांगावयास नको. म्हणूनच विक्रेत्याच्या लेखी ‘वापर’ हे प्रयोगाचे एक निरीक्षण नसते. तेच त्याचे पीक असते. आणि त्या पिकाची आणेवारी काढण्याचे काम आपण त्याच्याकडेच सोपवतो.

वाचलेला वेळ गेला कोठे?

क्षणभर धरून चालू की २६ मिनिटे खरोखरच वाचली. २०,००० माणसांची २६ मिनिटे म्हणजे रोजचे सुमारे ८,६६७ तास. साडेसात तासांचा दिवस धरला तर साडेअकराशे माणसांचे रोजचे काम. एवढे श्रम मोकळे झाले तर ते कोठेतरी दिसले पाहिजेत. त्यांना जाण्यास तीनच वाटा आहेत. पहिली, तेवढ्याच माणसांनी अधिक काम केले. मग किती अर्ज अधिक निकालात निघाले, किती जणांना उत्तर लवकर मिळाले, ते दाखवा. दुसरी, तेवढेच काम कमी माणसांनी केले. मग किती पदे रद्द करणार ते उघडपणे सांगा, म्हणजे कामगार संघटनांना आपले म्हणणे मांडता येईल. तिसरी, कर्मचाऱ्याला थोडी उसंत मिळाली. मग तसे म्हणा. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या चळवळीचे आपण वारस आहोत. कामगाराच्या उसंतीचे आपल्याला वावडे नाही. पण सरकारे ह्या तिन्हींपैकी एकही उत्तर देत नाहीत. ती मिनिटांना पगाराने गुणतात आणि गुणाकाराला बचत म्हणतात. ज्या तिजोरीत एक छदामही परत आला नाही, त्या तिजोरीच्या नावे ही बचत जमा होते.

रॉबर्ट सोलो ह्या नोबेल-विजेत्या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली अशाच एका कोड्याकडे बोट दाखवले होते: संगणकयुग चोहीकडे दिसते, मात्र उत्पादकतेच्या आकडेवारीत ते दिसत नाही. ह्यावर प्रणालीचे समर्थक म्हणतात की, पुढे काही वर्षांनी ते दिसू लागले. तसे ह्याचेही होईल, धीर धरा. होईलही. अभ्यासकाने ही शक्यता नाकारू नये. पण धीर धरावयाचा असेल तर मग यशाची घोषणाही धीरानेच करावी. पीक पुढल्या वर्षी येणार असेल, तर यंदाच खळ्यावर पोती मोजून दाखवण्याचे कारण काय?

आणि बिघडलेल्या कामाचे काय? एकाची मिनिटे वाचतात तेव्हा पुष्कळदा ती दुसऱ्याच्या माथी जातात. गोषवारा काढणाऱ्याचा वेळ वाचतो, तो पडताळणाऱ्याचा वाढतो. ऑस्ट्रेलियात २०२५ साली एका बड्या सल्लागार कंपनीने सरकारला दिलेल्या सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आढळले. अहवालासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरल्याचे कबूल करून कंपनीला रकमेचा काही भाग परत करावा लागला. अहवालाचा विषय होता, बेकारभत्ता घेणाऱ्यांवर दंड आकारणारी यंत्रणा. ते बनावट संदर्भ शोधून काढण्यात विद्यापीठातील एका अभ्यासकाचा जो वेळ गेला, तो कोणाच्या तक्त्यात वजा झाला?

जेथे नाही म्हणता येत नाही

आपल्यातले काही साथी म्हणतील, ही सारी गोऱ्या साहेबांच्या कचेऱ्यांतली कथा. आमच्या तालुक्याच्या कार्यकर्त्याला तिचे काय? त्यांना मी अंगणवाडीत घेऊन जाऊ इच्छितो.

ब्रिटिश कारकुनाला निदान प्रणाली न उघडण्याची मुभा होती. आपल्याकडे कृत्रिम बुद्धिमत्ता शासनात येते ती बहुधा चेहरा ओळखण्याच्या रूपाने, आणि येते ती सक्ती म्हणून. केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ ह्या ॲपमध्ये १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी चेहरा जुळवणे बंधनकारक केले. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि लहान मुले यांना पोषण आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. आता त्या हक्काच्या आणि स्त्रीच्या मध्ये मोबाईलचा कॅमेरा उभा आहे. आधारशी जोडलेला क्रमांक नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला गेलेला, संकेतांक त्याच्या मोबाईलवर जाणार. पाड्यावर जाळे मिळत नाही. बाळंतपणाने ओढलेला चेहरा जुन्या छायाचित्राशी जुळत नाही. हे सारे सोसते कोण? एकीकडे ती माता आणि दुसरीकडे तिच्या रोषाला तोंड देणारी अंगणवाडी सेविका. ह्याच सेविकांनी २०२१ साली महाराष्ट्रात निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजीतले ॲप ह्यांविरुद्ध मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते, हे आपण विसरलो नसू.

अशा ठिकाणी वापराचे प्रमाण काढले तर ते उत्तमच निघणार! शिधाच त्यावर टांगल्यावर वापर होणार नाही तर काय? सक्तीच्या गोष्टीचा वापरदर हा तिच्या उपयुक्ततेचा पुरावा नसतो. तो सक्तीचा पुरावा असतो. आणि जी स्त्री दोनदा परत गेली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही, ती ‘न वापरणारी’ म्हणूनही मोजली जात नाही. ती मोजणीतूनच पुसली जाते. तेलंगणात २०१४ ते २०१९ ह्या काळात सुमारे १९ लाख शिधापत्रिका संगणकीय पडताळणीवरून रद्द झाल्या आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्यास सांगावे लागले. त्या पडताळणीचा ‘वापर’ कोणी मोजला असता तर तो शंभर टक्के भरला असता. पत्रिका गेलेल्यांच्या घरी चूल पेटली की नाही, हे त्या शंभर टक्क्यांत कोठे बसते?

सक्तीच्या वापराचे दुसरे रूप रोजगार हमीच्या कामांवर दिसले. तेथील हजेरीचे ॲप ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, पण मोजणीचा धडा तोच. जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र चढवणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने परिपत्रक काढून कबूल केले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत. माझ्या महाविद्यालयाची सह्यांची वही आठवली. दरम्यान, खऱ्या मजुराचे छायाचित्र जाळ्याअभावी चढले नाही तर त्याचा खाडा लागत होता. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने देशाला दिलेल्या ह्या हमीच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने दुसरा कायदा मंजूर केला. पण हजेरीच्या ह्या प्रयोगाचा लेखाजोखा मजुरांसमोर कोणी मांडला नाही.

आता महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. हेतू चांगला असेल. पण उद्या ‘इतक्या लाख शेतकऱ्यांनी ॲप उतरवून घेतले’ असे सांगण्यात आले तर आपण टाळ्या वाजवावयाच्या काय? सल्ला मानणाऱ्याच्या शेतात काय पिकले, सल्ला चुकला तेव्हा नुकसान कोणी सोसले, कोरडवाहू शेतकरी आणि कूळ त्यात होते की नव्हते, हे विचारणार कोण?

विरोध यंत्राला नव्हे

मला ठाऊक आहे की, हे वाचून काही जण म्हणतील, समाजवाद्यांचे हे जुनेच दुखणे. संगणक आले तेव्हाही हे आडवे आले होते. हा आरोप इतिहास न वाचल्याचा परिणाम आहे. स्वयंचलनाचा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७२ चा. १९८३ च्या सप्टेंबरात बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि त्या करारावर आमच्या वर्गात झालेला कडाक्याचा वाद मला आठवतो. कोणती यंत्रे, कोणत्या कार्यालयांत, किती आणि कोणत्या अटींवर, हे त्यात कामगारांशी बोलून लिहिले गेले होते. त्या अटी फार कडक होत्या असे म्हणणारे होते, फार सैल होत्या असे म्हणणारेही होते. पण यंत्र येण्यापूर्वी ज्याच्या हाती ते जाणार त्याच्याशी बोलावे लागते, हे तत्त्व दोन्ही पक्षांना मान्य होते. आज मोबाईलवर एक संदेश येतो: उद्यापासून हे ॲप बंधनकारक. ह्याला प्रगती म्हणावयाचे काय?

आपल्यातच दुसऱ्या टोकाचेही साथी आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटली की त्यांना केवळ भांडवलशाहीचे कारस्थान दिसते. त्यांनाही मी सांगेन की, दृष्टिहीन कर्मचाऱ्याला कागद वाचून दाखवणारी, अर्जदाराच्या मराठी अर्जाचा दिल्लीतल्या बाबूला अर्थ सांगणारी प्रणाली उपयोगाची आहे, आणि ती उपयोगाची आहे हे आपण नीट मोजूनच सिद्ध करू शकतो. मोजणी टाळणे हा उपाय नाही. मोजणी आपल्या हाती घेणे हा आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. जनतेच्या पैशाने घेतलेल्या प्रणालीच्या वापराची नोंद सरकारच्या मालकीची असावी आणि ती प्रसिद्ध व्हावी. परवान्यांचे नूतनीकरण करण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तपासनीसाने प्रत्यक्ष कामावरून मूल्यमापन करावे. कर्मचाऱ्यांच्या समाधानाला त्यात जागा असावी, पण अंतिम शब्द नसावा. दुरुस्त कराव्या लागलेल्या चुका, नाकारले गेलेले हक्कदार आणि प्रलंबित तक्रारी ह्यांची मोजणी वापराच्या मोजणीइतक्याच ठळकपणे व्हावी. कोणा कर्मचाऱ्याने प्रणाली किती वापरली याचा त्याच्या गोपनीय अहवालाशी संबंध जोडू नये. वापर न करणे हाही एक अभिप्राय आहे आणि पुष्कळदा तो सर्वांत प्रामाणिक असतो. आणि जेथे हक्काचा शिधा वा मजुरी अडकली आहे तेथे यंत्राविना ती मिळण्याचा मार्ग कायम उघडा असावा.

ह्यासाठी विधानसभेतील बहुमताची वाट पाहण्याचे कारण नाही. २००५ चा माहितीचा अधिकार अजून आपल्या हाती आहे. दहा रुपये शुल्काचा अर्ज करून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या जिल्हा परिषदेला, पोलीस अधीक्षकांना, कृषी कार्यालयाला चार प्रश्न विचारावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची कोणती प्रणाली, कोणाकडून, किती रकमेला घेतली? किती परवाने घेतले आणि तीन महिन्यांनंतर त्यांतील किती वापरात होते? हे प्रमाण कोणी आणि कोणत्या रीतीने मोजले? प्रणालीच्या निर्णयामुळे किती अर्ज नाकारले गेले आणि त्यांपैकी किती पुढे चुकीचे ठरले? उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. ‘व्यापारी गुपित’ असे उत्तर येईल. कायद्यातच तशी पळवाट आहे. पण व्यापक जनहितासाठी ती माहिती देता येते, असेही त्याच कलमात म्हटले आहे, अपील करावे.

राजस्थानात १९९४-९५ साली मजूर किसान शक्ती संघटनेने गावाच्या चौकात जनसुनावणी भरवून हजेरीपत्रके मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलल्याचे उघड झाले. माहितीचा अधिकार जन्मला तो अशा चौकांतून. आज हजेरीपत्रकाची जागा फलकाने घेतली असेल, तर तो फलकही चौकात आणून वाचावा लागेल. अंगणवाडीच्या ओट्यावर सेविका आणि माता बसल्या आहेत, आणि त्यांच्यासमोर कोणी वाचून दाखवतो आहे की ह्या महिन्यात ह्या गावात इतके चेहरे जुळले. मग मागून एक बाई उठून म्हणते, ‘माझा जुळला नाही, मला शिधा मिळाला नाही, माझं नाव कुठं आहे?’ त्या प्रश्नाचे उत्तर ज्या मोजणीत असेल, तिलाच आपण मोजणी म्हणू.